दहापैकी साडेनऊ

माझ्या वहिनीने आयुष्यात कुणाला दहापैकी दहा गुण दिले नाहीत. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर असली, एकही वाक्य वाकडं नसलं, तरी अर्धा गुण कापायचीच. का, तर अक्षर. अक्षर मोत्यासारखं असलं तर मोती जरा दूर दूर पडलेत म्हणून कापायची. शाळेतली पोरं तिला पाठीमागे 'साडेनऊ बाई' म्हणायची आणि ते तिला माहीत होतं. मी एकदा विचारलं, "वहिनी, पोरांचे हे अर्धे अर्धे गुण साठवून त्याचं काय लोणचं घालणार आहात?" तर म्हणाली, "दहा दिले की पोरगं थांबतं. अर्धा राहिला की पुढच्या वेळी जरा सावरून बसतं."

मी तिची नणंद. दादाच्या घरात मागची खोली माझी, तिथे माझं शिवणकाम चालतं: शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. लग्न मी केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी कुणाला सांगत नसते. पुढची खोली म्हणजे दादाचं दुकान. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. मधे स्वयंपाकघर. एकामागे एक तीन खोल्या असल्यामुळे या घरात कुणी शिंकलं तरी तिघांना कळायचं. दादा मला टाचणी म्हणायचा. "टोचते पण कामाला येते," असं गिऱ्हाइकांना सांगायचा मेला. वहिनीनेही तेच नाव उचललं. दादाला जाऊन आता वर्ष होईल, पण घरात मी अजून टाचणीच आहे.

दादा नववीत होता तेव्हा वडील गेले. आई त्याआधीच गेलेली. मी दुसरीत. सोमवारी त्याची वाचनाची परीक्षा होती, ती त्याने दिली, पेपर बाईंच्या हातात ठेवला आणि मंगळवारपासून तो शाळेत गेलाच नाही, एका मशीनवाल्याकडे पाने-पक्कड उचलायला लागला. मी दहावीपर्यंत शिकले ती त्याच्या जिवावर. त्याने हे कधी तोंडाने बोलून दाखवलं नाही. मीही कधी आभार मानले नाहीत. भावाचे कसले आभार मानायचे, असं तेव्हा वाटायचं.

वहिनी हायस्कूलमध्ये भाषा शिकवायची. आमच्याकडे सगळ्या हायस्कूलांच्या नववीची मिळून एक चाचणी होते. मुलांनी आधी कधी न वाचलेला एक उतारा द्यायचा, त्यावर पाच प्रश्न, दहा गुण. मग दहा गुण व्याकरणाचे: चुकलेलं वाक्य दुरुस्त करा, रिकामी जागा भरा. पोराला वाचलेलं कळतं का आणि भाषा त्याच्या कानात नीट बसली आहे का, एवढंच बघायचं. हा पेपर काढायला वहिनीला पहिल्यांदा नेमलं तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. चार दिवस बाईचा जीव टांगणीला. उतारा लिहायची, वाचायची, टराटरा फाडायची. "मला सोपं वाटतं ते पोरांना सोपं जाईल कशावरून?" हे एकच पालुपद. शेवटी दादा तेलाचे हात पुसत आत आला आणि म्हणाला, "मला दे. मी नववीतच शाळा सोडली. माझ्यासारखा अस्सल नववीतला तुला घरबसल्या कुठे मिळणार?"

तिथून हे सुरू झालं. नियमाप्रमाणे तो उतारा छापून वर्गात वाटेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये. वहिनी तसं दरवर्षी लिहून द्यायची, खाली सही करायची. शाळेचा खडूही घरी न आणणारी ती बाई, पण ही एक चोरी तिने तीस वर्षं केली. चाचणीच्या आधीचे दोन-तीन रविवार सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं, दादाने चष्मा लावून बसायचं आणि म्हणायचं, "बाई, पेपर द्या." एरवी तो तिला 'अगं' म्हणायचा, पण त्या टेबलाशी बाई. वहिनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायची. चाळीस मिनिटं. मी माझ्या खोलीत मशीन चालवायची नाही, तशी ताकीद होती. दादा जिभेचं टोक दातात धरून लिहायचा. लिहून झालं की तिथल्या तिथे लाल पेनाने तपासणी.

त्याला उत्तरं आली की उतारा पास. तो कुठे अडला तर वहिनी त्याला कधीच दोष द्यायची नाही. म्हणायची, "तुम्ही अडखळलात म्हणजे माझंच वाक्य आडवं आलं." आणि ती वाक्य बदलायची. सगळी उत्तरं बरोबर आली की कागदावर लाल साडेनऊ यायचे.

"अर्धा कुठे गेला, बाई?"

"अक्षर."

"अगं, नखात मशीनचं तेल आहे. अक्षर कुठून आणू?"

"मग नखं धुऊन बसत चला."

तीस वर्षं शब्दाचाही फरक न करता हे संभाषण चाललं. मला मागे बसून पाठ झालं होतं, कधीकधी दादाच्या आधी मीच ओरडायची, "अर्धा कुठे गेला?" त्यांना मूलबाळ झालं नाही. आम्हा तिघांत जी काय गंमत होती ती ही होती. ते कागद वहिनी तारीख घालून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

मग एका वर्षी उतारा होता दीपस्तंभ सांभाळणाऱ्या माणसावर. चांगला उतारा होता, मला नंतर छापलेला वाचायला मिळाला. दादाला पाचातली तीनच उत्तरं आली. वहिनी म्हणाली, वाक्यं लांब झाली. तिने ती तोडली. पुढच्या रविवारी नवीन उतारा, त्यातही तीनच. तिने शब्द सोपे केले. पुढच्या वर्षी सोप्या शब्दांचा, छोट्या वाक्यांचा उतारा दिला, तर त्याला दोन आली. आणि गंमत अशी की व्याकरणात पैकीच्या पैकी. चुकीचं वाक्य दिसलं की दादा तोंडाने म्हणून बघायचा, "नाही, कानाला खटकतंय," आणि पटकन सरळ करून द्यायचा. त्यामुळे वहिनीची खात्रीच झाली. "भाषा पक्की आहे, मग उतारा का कळत नाही? उताऱ्यातच खोट आहे." दुकानातही त्याचे हात पूर्वीसारखेच चालायचे. मशीन उघडायचा, शटल काढायचा, पुसून परत बसवायचा. मग कुणाला कसली शंका येणार?

खरं सांगते, मला आली होती. किंवा यायला हवी होती. तिसऱ्या वर्षी एका रविवारी वहिनी अंघोळीला गेलेली असताना दादा माझ्या खोलीत आला. खिशातून घडी केलेला कागद काढला. तो उतारा होता. त्याने तिच्या वहीखालून उचलला होता.

"टाचणे, यात त्या विहिरीचं काय म्हटलंय गं? मला जरा सांग ना."

"तुला वाचता येत नाही? चोरी करतोस? या वयात कॉपी?"

"चष्मा त्रास देतोय. सांग लवकर, ती येईल."

मी वाचलं आणि सांगितलं. पाचही उत्तरं सांगितली. तो ओठ हलवत ती पाठ करत राहिला. जाताना म्हणाला, "तिला बोलू नकोस हां. चुकलो की ती सगळं फाडते आणि पुन्हा लिहीत बसते. दमते ती." मी हसले. म्हटलं, काय नवरा आहे, बायकोचे कष्ट वाचवायला कॉपी करतो. हे मी पोटात ठेवलं. टेबलाशी बसेपर्यंत तो पाठ केलेलं विसरला होता, त्याला एकच उत्तर आलं, आणि वहिनीने तो उतारा फाडला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. इतकी कशी मी मठ्ठ, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

इकडे चाचणीत काय झालं असेल? पहिल्या वर्षी मुलांना बरे गुण मिळाले, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी जास्त खूश. तिसऱ्या वर्षी प्रत्येक शाळेत पोरांना नऊ-नऊ मिळाले आणि परीक्षा समितीने वहिनीला बोलावून घेतलं.

त्या दिवशीचं तिने मला एकदाच सांगितलं, पण शब्दन् शब्द सांगितलं. लांब टेबल, सात माणसं. समितीच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दोन कागद समोर ठेवले. एक सात वर्षांपूर्वीचा उतारा आणि एक यंदाचा.

"हा तुमचाच ना?"

"हो."

"आणि हा?"

"हाही माझाच."

"बाई, हा यंदाचा तिसरीतल्या मुलाला देता येईल. मुलं पुढच्या वर्गात जातात आणि वर्तमानपत्रातली साधी बातमी त्यांना कळत नाही. मग आपण मोजतोय तरी काय?"

वहिनी उसळली. तिच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं तिला खपत नसे. म्हणाली, "मी मनाला येईल तसं सोपं करत नाही. आधी वाचून घेते. मोठा उतारा झेपत नाही असं दिसलं, म्हणून छोटा केला."

"कुणाला झेपला नाही?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मिस्टरांना."

ते बोलत असताना तिची नजर त्या सात वर्षांपूर्वीच्या उताऱ्यावर होती. डोंगराला दोन बाजूंनी बोगदा खणणाऱ्या मजुरांवरचा तो उतारा. दादाला फार आवडला होता, आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते बोगद्याचं सांगत होता. त्यात त्याला साडेनऊ होते. माणूस तोच होता. वहिनी म्हणाली, "टाचणे, मी तिथे उभी होते आणि मला खुर्ची दिसेना."

प्रमुख बाईंनी गुप्ततेचा नियम वगैरे काही काढला नाही. त्यांनी हळूच विचारलं, "त्यांचं वय काय आहे?"

"एकसष्ट."

नंतर समितीने लेखी माफी घेतली आणि तिचं नाव यादीतून काढून टाकलं. तीस वर्षांचं काम गेलं, पण तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ती भर दुपारी घरी आली. रविवार नव्हता. दादा दुकानात एका मशीनचा पट्टा बसवत होता. तिने डबा काढला, त्यातला तो बोगद्याचा उतारा शोधला, स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवला आणि हाक मारली, "अहो, जरा बसता का?" तो लगेच उठला. "बाई, पेपर द्या," म्हणाला. चाळीस मिनिटं त्याने लिहिलं. पहिल्या प्रश्नाखाली त्याने तोच प्रश्न पुन्हा लिहून काढला होता. दुसऱ्याखाली उताऱ्याचीच पहिली ओळ. चौथा प्रश्न होता, 'पलीकडची माणसं जवळ आली हे मजुरांना कशावरून कळलं?' सात वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं, 'पलीकडून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते त्यावरून.' आज लिहिलं होतं, 'पट्टा ढिला आहे.'

तिने तपासलं. पाचवं उत्तर निम्मं बरोबर होतं, त्याचा एक. त्यातला अर्धा अक्षराचा कापला.

"उतारा अवघड होता गं," दादा म्हणाला.

"हो. माझंच चुकलं."

मग ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं, शिवायला टाकलेला एक गणवेश उचलला आणि त्यात तोंड खुपसून रडली. मला कारण माहीत नव्हतं तरी मीही रडले. ती रडणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे मी घाबरले.

डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या केल्या. त्यांनी समजावून सांगितलं की या आजारात वाचलेल्याचा अर्थ लावणं आधी जातं. कानात बसलेली भाषा आणि हातात बसलेलं काम बराच काळ टिकतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. "साधारण कधीपासून जाणवतंय?" असं त्यांनी विचारलं. वहिनीने पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ, मग साडेपाच, साडेपाच, साडेतीन, दीड आणि शेवटी अर्धा. प्रत्येकावर तारीख. डॉक्टर बराच वेळ कागद उलटत राहिले. म्हणाले, इतकी नीट नोंद घेऊन आलेला पेशंट मी पाहिला नाही. आणि मग म्हणाले की हे पहिले साडेपाच पडले तेव्हा आणलं असतं, तर काही काळ तरी हे लांबवता आलं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "मला दिसत होतं गं. मी स्वतःच्या हाताने लाल पेनाने लिहून ठेवत होते. आणि मी उतारे फाडत बसले."

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्या कागदाचं, विहिरीचं, कॉपीचं सगळं सांगून टाकलं. तिने मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मला का नाही विचारलं त्यांनी?" मी म्हटलं, तुम्ही पुन्हा लिहीत बसाल, दमाल म्हणून. ती पुढे अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मी अकरा दिवस तिच्यासाठी चहा करून टेबलावर ठेवत राहिले.

दादाला आजाराचं सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं आणि वहिनीला गळी उतरवलं. हात चालताहेत, दुकान उघडतोय, हसतोय. त्याला कशाला घाबरवायचं? अशक्तपणा आहे म्हणून गोळ्या आहेत, असं सांगितलं. समितीचंही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की वाचन चालू राहू द्या. म्हणून रविवारचं टेबल चालूच राहिलं, उलट आता वर्षभर दर रविवारी. वहिनी छोटे उतारे लिहायची, आठ ओळींचे, मग सहा, मग चार. त्याला वाटायचं, हे सगळं मुलांसाठी चाललंय.

गुण मात्र ती खरेच द्यायची. साडेतीन. अडीच. दीड. दादा तो कागद दिवसभर खिशात ठेवायचा, मधेच काढून बघायचा. एका रविवारी अर्धा मिळाला. सोमवारी त्याने दुकान उघडलं नाही. स्टुलावर बसून राहिला, समोर एका बाईचं मशीन अर्धं उघडून ठेवलेलं. मी विचारलं, "काय रे, काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही. जमत नाहीये."

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीवर तोंड सोडलं. "काय जातंय तुमचं दहा द्यायला? कोण समिती बसलीय इथे? मरणाच्या वाटेवरच्या माणसाचे गुण कापता, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"टाचणे, मी खोटे गुण कधी कुणाला दिले नाहीत."

"म्हणूनच द्या! तुमचे दहा म्हणजे केवढे! हसेल तो. एकदा तरी हसू द्या माझ्या भावाला."

'माझ्या भावाला' म्हटल्यावर ती 'बरं' म्हणाली. तो शब्द मी मुद्दाम वापरला होता, हे कबूल करते.

पुढच्या रविवारी चार ओळींचा उतारा होता, बागेत पाणी घालणाऱ्या एका माणसाचा. दादाला पाचातली दोन उत्तरं आली. मी चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होते, वेड्यासारखी हसत. वहिनीने लाल पेन उचललं. थोडा वेळ नुसतंच धरलं. मग कागदावर दहा लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली.

दादाने कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला.

"दहा?"

"हो. सगळं बरोबर आहे."

"आणि अक्षर?"

वहिनी गडबडली. "आज अक्षर चांगलं आलंय."

त्याने स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं. ओळी कागदाबाहेर चालल्या होत्या. त्याने चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो टेबलावर ठेवला.

"मला कळत होतं गं, काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. किती दिवसांनी तो इतकं सरळ बोलत होता. "गोळ्या कसल्या ते तुम्ही सांगत नव्हतात. पण तू अर्धा कापत होतीस. म्हटलं, अजून कापतेय, म्हणजे अजून माझ्याकडून काहीतरी होईल असं हिला वाटतंय." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "आता दहा दिलेस. म्हणजे मी कामातून गेलो ना?"

दादा उठला, दुकानात गेला, स्टुलावर बसला आणि त्या उघड्या मशीनवर त्याने कापड घातलं. मग तो रडला. वडील गेले तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आणि हे मी केलं होतं. वहिनीने खोटं लिहिलं, पण तिचा हात धरून ते मी लिहून घेतलं होतं.

तिने मला बोल लावला नाही. कागद पुढे ओढला, दहावर आडवी रेघ मारली, पुन्हा नीट तपासलं आणि दुकानात घेऊन गेली.

"अहो, माझी चूक झाली. साडेतीन आहेत."

त्याने डोळे पुसून पाहिलं. "अक्षराचा?"

"अक्षराचा."

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मग वहिनीने त्याला आजाराचं नाव सांगितलं, पुढे काय काय होईल तेही सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकत होता. किती कळलं कुणास ठाऊक. एवढंच म्हणाला, "टाचणीला रागावू नकोस." मी दाराआड उभी होते.

त्यानंतर दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत खोटा गुण एकदाही पडला नाही. गिऱ्हाइकांची मशीनं आम्ही परत केली. व्याकरणही गेलं, चुकलेलं वाक्य त्याच्या कानाला खटकेनासं झालं. माझं नाव गेलं. मग 'अगं' गेलं. वहिनी कोण हे त्याला सांगता येईना, पण टेबलाशी बसवलं की तोंडातून 'बाई' मात्र यायचं, म्हणून तिने रविवार सोडला नाही. मी म्हणायची, पुरे आता. ती म्हणायची, "ते एवढ्या एकाच ठिकाणी मला ओळखतात. तिथून मी कशी उठू?"

शेवटचा रविवार मला लख्ख आठवतो. टेबल पुसलेलं. वहिनीने घड्याळ काढून ठेवलं. कागदावर एकच ओळ होती, 'दादा घरी आला,' आणि एकच प्रश्न, 'घरी कोण आलं?' दादाने पेन धरलं. जिभेचं टोक दातात आलं. चाळीस मिनिटं तो बसला होता आणि तिनेही एक मिनिट कमी केलं नाही. त्याने कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. हलकी, पण सरळ. मग कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

"बाई, झालं."

वहिनीने लाल पेन उघडलं. मी दारातून बघत होते. तिने आधी शून्य लिहिलं. बराच वेळ ती त्या रेघेकडे बघत बसली. मग शून्यापुढे लिहिलं, 'अधिक अक्षराचा अर्धा', आणि खाली तारीख घातली.

दादाने गुण बघितले नाहीत. त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता, शाळा सुटायच्या वेळी पोरं बसतात तसा.

"बाई, मी जाऊ? घरी बहीण एकटी आहे."

वहिनी म्हणाली, "जा हं. ती बघा, दारातच उभी आहे."

मी पुढे झाले. हात पुढे केला. त्याने माझ्याकडे वर मान करून पाहिलं, पिकलेल्या केसांपासून चपलांपर्यंत. मोठ्या माणसांशी बोलताना करायचा तसा आवाज खाली केला आणि म्हणाला, "या नाहीत, बाई. माझी बहीण लहान आहे. दुसरीत आहे ती."